रांगोळीवरून चाक जात नाही

आमच्याकडं सरळ माणसाचं कौतुक फार. "पोरगं सरळ आहे" असं कुणी म्हटलं की निम्मी सोयरीक तिथंच जुळते. माझी रोजीरोटी मात्र वाकण्यावर चालते. शिरूरहून निमोण्याकडं जाताना रस्त्याला लागून आमची वस्ती आहे. तिथं कांद्याच्या चाळीपुढं मुरूम दाबून केलेलं पटांगण आहे आणि त्या पटांगणात मी मोटारसायकलवाल्यांना वळायला शिकवते. गाडी चालवायला काय, कोणीही शिकवतं. भाऊ शिकवतो, नवरा शिकवतो, शेजारी तर न विचारता शिकवतो. चार दिवसांत क्लच सोडता आला, गिअर पडायला लागले, की माणूस शिकला असं घरात जाहीर होतं. मग पहिलं वळण येतं. ते वळण आणि माझं पटांगण यांच्यामध्ये साधारण एक प्लॅस्टर असतं.

मी स्वतःही त्याच वाटेनं आले. रांजणगावच्या एका कंपनीत वीस-बावीस वर्षं असेंब्ली लाइनवर काढली. फर्स्ट शिफ्टला कंपनीची बस चुकली की दिवस गेला, म्हणून मोटारसायकल घेतली. गेटच्या अलीकडच्या वळणावर मी तीनदा पडले. तिसऱ्यांदा पडले तेव्हा वॉचमन खुर्चीवरून उठलासुद्धा नाही, नुसतं "लागलं का मॅडम?" म्हणाला. मला त्या वळणाचा भयंकर राग आला. पुढं कंपनीनं सेफ्टीच्या ट्रेनिंगसाठी बाहेरून एक माणूस आणला, त्याला मी इतके प्रश्न विचारले की त्यानं वैतागून मलाच हाताखाली घेतलं. कंपनी सोडली तशी हा धंदा सुरू केला. आमचे हे आयुष्यभर कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. त्यांचं म्हणणं होतं, "दोन चाकांचं कसलं आलंय शिक्षण?" आता तेच माझ्या क्लासची फी, चहा आणि टिंक्चर आयोडिन सांभाळतात.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोटारसायकल हँडलनं वळत नाही, कलल्यानं वळते. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला की कललेली गाडी ताठ होते आणि सरळ शेतात जाते, शेतात ऊस असला तर नशीब. ॲक्सिलरेटर एकसारखा धरायचा. आणि नजर. बघाल तिकडं गाडी जाते. खड्ड्याकडं बघून "आता खड्ड्यात जाणार" म्हणणारा माणूस खड्ड्यातच जातो, त्यात खड्ड्याचा दोष नसतो.

सगळ्यात कठीण असतं ते हँडलचं. डावीकडं वळायचं तर डाव्या हातानं हँडल पुढं ढकलायचं. हे सांगितलं की माणसं माझ्याकडं संशयानं बघतात. एक निवृत्त गुरुजी यायचे, विज्ञान शिकवलेले. ते म्हणाले, "बाई, हे शास्त्राला धरून नाही. मी चाळीस वर्षं सायकल चालवतोय, असं कधी केलेलं नाही." मी म्हटलं, "केलंत गुरुजी, फक्त लक्षात नाही आलं." ते चिडून गाडीवर बसले, मला खोटं पाडायला मुद्दाम डावा हात पुढं ढकलला आणि गाडी अलगद डावीकडं कलली. गुरुजी थांबले, खाली उतरले, पुढच्या चाकाभोवती एक फेरी मारली. मग पुन्हा बसले आणि अंधार पडेपर्यंत उतरलेच नाहीत. त्यांच्या घरून दोनदा फोन आला. "शास्त्र चालू आहे," एवढंच मी सांगितलं.

नजरेचं गणित मला कवठे येमाईच्या बाळासाहेबानं सोडवून दिलं. त्याच्या घरी शर्यतीचा बैलगाडा. त्यामुळे वेग म्हणजे सरळ, हे त्याच्या रक्तात. सरळ रस्त्यावर वारा प्यायल्यासारखा यायचा आणि वळण आलं की पुढच्या चाकाकडं बघत पुतळा व्हायचा. सांगून सांगून माझा घसा बसला. शेवटी विचारलं, "गाड्याचे बैल पळताना कुठं बघतात रे?"

"घोडीकडं," तो म्हणाला. आमच्या भागात शर्यतीत बैलांच्या पुढं घोडी पळते, तिच्यामागं बैल. त्या धावेला बारी म्हणतात.

"आणि चाकाकडं?"

"चाकाकडं बघितल्याव बारी बसंल का बाई? कायतरीच."

"मग तू का बघतोस?"

बाळासाहेबानं मान वर करून वळणाच्या टोकाकडं बघितलं. मग म्हणाला, "म्हंजी वळण जिथं उघडतं तिथं घोडी हाय असं समजायचं. व्हय ना?" अगदी तेच. तेव्हापासून माझ्या पटांगणात वळणात शिरताना प्रत्येकानं मोठ्यानं "घोडी" म्हणायचं, असा नियम झाला. लांबून ऐकणाऱ्याला आम्ही जनावरं हाकतोय असं वाटतं, पण गाड्या वळतात.

आता रांगोळीचं. सुरुवातीला मी वळणं आखायला विटा ठेवल्या. विटा फुटल्या. मग जुने टायर ठेवले, माणसं टायरवर चढायला लागली. मैदान आखतात ती पांढरी फक्की मारली, तर फक्कीला कोणी भीक घालेना. दिवाळीच्या दिवसांत एकदा फक्की संपली म्हणून घरातली रांगोळी घेऊन बसले आणि पटांगणभर आठाच्या आकड्याचं वळण काढलं. त्या दिवशी एकाही माणसाचं चाक रेषेवरून गेलं नाही. ज्यानं आदल्या दिवशी सहा विटांचा चुरा केला होता, तोसुद्धा रांगोळी चुकवायला असा सुरेख कलला की मी बघतच राहिले. विचारलं तर म्हणाला, "रांगोळीवनं चाक कसं घालायचं बाई? आई मारंल." त्याचं वय बेचाळीस होतं. मला माझं सामान सापडलं. रस्त्यावरच्या सरकारी पांढऱ्या पट्ट्याला आमच्याकडं कोणी विचारत नाही, पण चिमटीतून सुटलेल्या रांगोळीला ट्रकवालासुद्धा मान देतो. सकाळच्या वर्गाला येणाऱ्या बायका तर वळणाच्या टोकाला मोर काढून ठेवायच्या. मोराच्या भीतीनं संध्याकाळचे पुरुष आणखी नीट वळायचे.

सकाळी बायका, संध्याकाळी पुरुष, हे मी ठरवलेलं नाही, आपोआप झालं. बाईकडून शिकतोय हे दिवसाउजेडी दिसायला नको, म्हणून पुरुष पाचनंतर येतात आणि गाड्या चाळीच्या मागं लावतात. घरी काय सांगून येतात याची यादी केली तर अख्खा अंक भरेल.

अशाच एका संध्याकाळी, श्रावणात, निमोण्याचे किसनआप्पा आले. साठीचे, पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा. गाडी चाळीमागं लावून, इकडं तिकडं बघून म्हणाले, "बाई, माझं नाव कुठं सांगू नका." आज इथं लिहितेय ते त्यांची रीतसर परवानगी घेऊन. त्यांच्या मंडळींनी तर फोटोसुद्धा छापा म्हणून सांगितलं आहे.

आप्पांनी पंचवीस वर्षं गावचं दूध मोटारसायकलवरून डेअरीला घातलं. दोन्ही बाजूंना मोठे कॅन, मागं आडवा तिसरा. असा माणूस गाडी कलवत नाही. कलवली तर दूध हिंदकळतं, कॅन रस्त्याला घासतो. वळण आलं की आप्पा वेग मरेपर्यंत कमी करायचे, गाडी उभीच्या उभी ठेवून हँडल फिरवायचे आणि एक पाय जमिनीला टेकवत वळण पार करायचे. हे कसब होतं आणि ते आप्पांच्या हाडात मुरलं होतं. मग डेअरीचा टेम्पो दारात यायला लागला आणि कॅन सुटले.

"बाई, लग्नात नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. पुढं घेतली, ती आली आन् तिसऱ्या दिशी कॅन बांधलं," आप्पा सांगत होते. "मागं जागाच ऱ्हायली न्हाई. मंडळीला कवा बसवलंच न्हाई. कॅन गेलं तवा म्हनलं, आता हिला बसवू. भाऊबीजंला हिच्या माहेरी निघालो, दौंडकडं. गाडी कशी, पाखरावानी. नदीकडं उतरताना चिंचंचं वळण हाय बगा."

मला ते माहीत होतं. उजवीकडं वळणारं, उताराचं, आतल्या बाजूला मोठी चिंच.

"तिथं आडवी झाली. म्या वाचलो, ती बी वाचली. पर तिच्या हातातल्या समद्या बांगड्या फुटल्या, नवं लुगडं फाटलं. डब्यातलं बेसनाचं लाडू वळलंच न्हाईत, सरळ खाली गेलं." आप्पा क्षणभर हसले, मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मेहुणा जीप घिऊन आला. समद्यांम्होरं म्हनला, दाजी, हितनं फुडं आमच्या आक्काला गाडीवर बसवायचं न्हाई. बाई, पंचवीस वर्सं गावाचं दूध सांडू दिलं न्हाई म्या. आन् सोताची बायकू सांडली."

येत्या भाऊबीजेला त्यांना तिला गाडीवर बसवून माहेरी न्यायचं होतं. तिला मागं बसताना भीती वाटता कामा नये आणि मेहुण्याची जीप यायला नको, एवढीच त्यांची मागणी. घरी त्यांनी सोसायटीच्या मीटिंगचं कारण सांगितलं होतं. त्या तीन महिन्यांत निमोण्याच्या सोसायटीनं जेवढ्या मीटिंगा घेतल्या, तेवढ्या साखर कारखान्याच्या निवडणुकीतसुद्धा होत नाहीत.

आप्पांना शिकवणं म्हणजे पक्की झालेली भिंत सरकवणं. गाडी जरा कलली की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली यायचा. मी ओरडायचे, "आप्पा, कॅन नाहीयेत." ते म्हणायचे, "मला कळतंय, पायाला कळंना." पंधरा दिवसांनी पाय वर राहिला. महिन्यानं ते रांगोळीच्या आठात असे फिरायला लागले की टोपी डोळ्यांवर घसरली तरी थांबेनात. हेल्मेटखाली टोपी घालू नका, हे सांगायला मला आणखी एक आठवडा लागला.

याच दरम्यान एका सकाळी दुधाचा टेम्पो पटांगणासमोर थांबला आणि त्यातून एक बाई उतरली. पंचावन्नच्या आसपास, अंगावर नेसती साडी, हातात पिशवी, पिशवीत मुलीचा पंजाबी ड्रेस. चाळीत जाऊन ड्रेस घालून आली, स्वतःकडं बघून पोटभर हसली आणि मला म्हणाली, "बाई, मला गाडी चालवाय न्हाई शिकायची. मला मागं बसाय शिकवा."

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मागं बसायला काय शिकायचं, असं मलाच वाटायचं.

"निमोण्याची मी. इंदूबाई. किसनआप्पा आमचं मालक," ती म्हणाली, आणि माझ्या हातातली रांगोळीची चिमूट तशीच राहिली. "मागल्या भाऊबीजंला आमी पडलो. ह्यांना वाटतंय, त्यांनी पाडलं. बाई, त्यांनी न्हाई, म्या पाडलं. गाडी कलाय लागली तसा माझा जीव गेला. गाडी जिकडं कलत व्हती त्याच्या उलट्या अंगाला म्या सगळं अंग टाकलं. ती सरळच गेली."

मी विचारलं, "मग त्यांना सांगितलं का नाही?"

"माझ्या भावानं समद्यांम्होरं ह्यांना बोल लावला. तवाच त्वांड उघडाय पायजे व्हतं. तवा गप ऱ्हायले, मग रोजच्याला उशीर व्हत गेला. आता वरीस व्हत आलं. ह्ये काय बोलत न्हाईत. पर गाडी फुसताना मागचं शीट दोनदा फुसत्यात, मला दिसतंय की." तिनं पदर शोधला, ड्रेसला पदर नव्हता, म्हणून ओढणीनं डोळे पुसले. "ह्यांना सांगू नका म्या आले ते. मी बचत गटाच्या मीटिंगला आलेय."

झालं. नवऱ्याची सोसायटी संध्याकाळी, बायकोचा बचत गट सकाळी, आणि दोन्हींची अध्यक्ष मी. दोघांनाही शब्द दिलेला. आमचे हे म्हणाले, "सांगून टाक की." पण शब्द म्हणजे शब्द. आणि खरं सांगू का, मला मजाही येत होती. सकाळी इंदूबाईंनी काढलेल्या मोराला संध्याकाळी आप्पा वळसा घालायचे आणि म्हणायचे, "कोन बाई काढती ह्यो मोर? लई जिवंत काढती." मी म्हणायचे, "आहे एक."

मागं बसायचं शिकायचं तर गाडी कलते म्हणजे काय हे आधी हातात यावं लागतं. म्हणून मी इंदूबाईंना लर्निंग लायसन काढायला लावलं आणि हँडल दिलं. ती एक चूक म्हणा किंवा पुण्य म्हणा. त्यांना नवऱ्यासारखं काही विसरायचं नव्हतं. आठच दिवसांत गिअर, तिसऱ्या आठवड्यात रांगोळीचा आठ. "घोडी" अशी आरोळी मारायच्या की चाळीवरची कबुतरं उडायची. मागं बसायचा धडा मग सोपा झाला. आमचे हे पुढं, त्या मागं. चालवणाऱ्याच्या ज्या खांद्याकडं वळण, त्या खांद्यावरून पुढं बघायचं, बस. अंग आपोआप बरोबर जातं. पण दहा मिनिटं मागं बसलं की इंदूबाई म्हणायच्या, "आता मला चालवू द्या." पक्कं लायसनसुद्धा त्यांनी काढलं. घरी आधारकार्डाचं काम सांगून गेल्या होत्या.

एकदा तर फजितीच व्हायची वेळ आली. सकाळचा वर्ग चालू असताना आप्पांची गाडी वळणावर दिसली. चुकून घरी नेलेलं माझं हेल्मेट परत द्यायला ते आले होते. इंदूबाई उतरल्या आणि धावत चाळीत शिरल्या. आप्पांनी हेल्मेट दिलं, पण निघायला तयार नाहीत. चाळीच्या कुडाला टेकून बोलत बसले. "बाई, येक इचारू का? मी शिकंन वो. पर ती बसंल का मागं? म्या पाडल्यापास्नं तिचा इस्वासच गेलाय. ती म्हनत न्हाई, पर मला कळतं. मी तिच्या जागी असतो, तर मी बी बसलो नसतो." मी काहीतरी बोलून त्यांना वाटेला लावलं. चाळीत गेले तर इंदूबाई रिकाम्या क्रेटवर बसून डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "कांदा लई तिखट हाय बाई तुमचा." कांदा आम्ही महिन्यापूर्वीच विकला होता. चाळ झाडून ठेवलेली होती.

दिवाळी तोंडावर आली तशी माझी मजा संपली आणि झोप उडाली. दोघंही तयार होते, पण एकमेकांबरोबर एकदाही बसले नव्हते. आप्पा माझ्या नवऱ्याला मागं बसवून शिकलेले आणि इंदूबाईसुद्धा त्यांच्याच मागं. भाऊबीजेला दोघं पहिल्यांदा एकत्र बसणार, ते थेट त्याच वळणावर. आप्पांच्या मनात ती घाबरणार ही धास्ती, इंदूबाईंच्या मनात आपण पुन्हा पाडू ही धास्ती. एकाची धास्ती दुसऱ्याला अंगातून लगेच कळते, मोटारसायकलवर तर शिवणीतल्या टाक्यांइतकं जवळ बसायचं असतं. चिंचेचं वळण आमच्याकडचा जो तो रस्त्याच्या मधूनच कापतो. समोरून ट्रॉली मध्ये आली आणि आप्पांनी वळणात ब्रेक दाबला तर? मी यांना म्हटलं, "काहीतरी केलं पाहिजे." हे म्हणाले, "सांगून टाक." मी म्हटलं, "ते सोडून."

भाऊबीजेला उजाडायच्या सुमाराला मी रांगोळीचा डबा घेतला आणि यांना बसच्या नोकरीतला लाल कपडा घ्यायला लावला. चिंचेच्या वळणावर दोन्ही बाजूंना धावत जाऊन हे लाल कपडा दाखवत होते आणि मी रस्त्याच्या बरोबर मधोमध, वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकच जाड रेघ ओढत होते. कंबर मोडली. शेवटी जिथं वळण उघडतं तिथं कडेच्या दगडावर मी मोर काढला. माझा मोर कोंबड्यासारखा झाला, पण उद्देश कळत होता. मग आम्ही दोघं चिंचेच्या बुंध्यामागं उभे राहिलो, या वयात.

आठच्या सुमाराला गाडी आली. आप्पा पुढं, इंदूबाई मागं, नवी साडी खोचलेली, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, मध्ये लाडवांचा डबा. मला त्यांच्या श्वासाचासुद्धा अंदाज येत होता. वळणाच्या आधी आप्पांनी वेग उतरवला. बरोबर. त्यांची नजर रांगोळीच्या रेघेवर गेली आणि तिच्यावरून पुढं, मोराकडं. बरोबर. आणि त्याच क्षणी त्यांच्या उजव्या खांद्यावरून दुसरं हेल्मेट तिकडंच वळलं. गाडी दोघांना घेऊन एकत्र कलली. रेघेपासून हातभर अंतर राखून, सबंध वळणभर, एकसारखी.

आणि दोघंही एकदम ओरडले, "घोडी."

गाडी सरळ झाली, ब्रेकचा लाल दिवा लागला आणि आप्पांनी ती कडेला घेतली. दोघांनी हेल्मेट काढलं.

"काय म्हनलीस?" आप्पा.

"तुमी काय म्हनला?" इंदूबाई.

"म्या... ते सहज. तू कुठं ऐकलंस ह्ये?"

"आदी तुमी सांगा. सोसायटीत आता घोडी बी आली का?"

आप्पांनी मागं वळून रस्त्यावरची रेघ बघितली, मग दगडावरचा मोर बघितला. "ह्यो मोर तुझा न्हाई," ते सावकाश म्हणाले. "तुझा लई जिवंत असतो." आणि बोलल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं.

इंदूबाई हसल्या नाहीत. डबा दोन्ही हातांत धरून एका दमात बोलल्या, "मागल्या साली तुमी न्हाई पाडलं. म्या पाडलं. म्या उलटी झुकले. भावानं तुमाला बोल लावला आन् म्या गप बसले. वरीसभर तुमी माझं वझं वागवलं."

आप्पांनी हातातलं हेल्मेट आरशाला अडकवलं. मग त्यांच्या मिशा हलल्या. "इंदे," ते म्हणाले, "म्हंजी वरीसभर म्या शीट फुकटच दोनदा फुसलं?" आणि ते पलीकडच्या मैलाच्या दगडावर बसून असे हसायला लागले की खिशातली टोपी काढून तोंडावर धरावी लागली. इंदूबाई रडत रडत हसत होत्या. आमच्या यांनी माझा हात धरला होता, तो मी सोडवून घेतला नाही.

हसू ओसरल्यावर इंदूबाईंनी हात पुढं केला. "चावी."

"कशाला?"

"मागं सरा."

आप्पांनी चावी दिली. इंदूबाईंनी गाडी माघारी फिरवली, चढावर नेली आणि आप्पांना मागं घेऊन तेच वळण पुन्हा घेतलं. मग आप्पा म्हणाले, आता माझी पाळी. मग इंदूबाई म्हणाल्या, आता माझी. असं पाच वेळा झालं. प्रत्येक वेळी दोन आवाजांत "घोडी". आमचे हे कुजबुजले, "यांची भाऊबीज पुढच्या वर्षी आहे का?" शेवटी गाडी दौंडच्या दिशेनं उतरून दिसेनाशी झाली. हँडल इंदूबाईंच्या हातात होतं, आप्पा त्यांच्या खांद्यावरून पुढं बघत होते, आणि लाडवांचा डबा जागच्या जागी होता. दुपारी भावाच्या दारात त्या स्वतः गाडी चालवत उतरल्या आणि ओवाळायच्या आधी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अंकुश, मागल्या साली तू दाजींना बोललास ते परत घे, चूक माझी व्हती." अंकुशनं ताटापुढं बसल्या बसल्या दाजींचे पाय धरले, असं आप्पा मला नंतर सतरा वेळा सांगून गेले.

एक खंत आहे, ती सांगते. इतकी वर्षं मी फक्त हँडल धरणाऱ्याला शिकवलं. त्याच्या मागं बसून उभा जन्म काढणाऱ्या माणसाला मी सामान समजले, आप्पांच्या कॅनसारखं. किती जणांना मी अर्धाच धडा देऊन रस्त्यावर सोडलं, कोण जाणे. आता मी जोडीनं आल्याशिवाय शेवटचा धडा देत नाही. आमचे हेसुद्धा माझ्या मागं बसायला लागलेत. अजून हवेत बसचा ब्रेक दाबतात, पण खांद्यावरून बघतात.

त्या भाऊबीजेच्या सकाळी आम्ही आवरून निघणार, एवढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वर येताना दिसला. त्या वळणावर ट्रॉलीनं रस्ता कापला नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरनं रांगोळी बघितली, गाणं बंद केलं, वेग उतरवला आणि दोन्ही ट्रॉल्या रेघ न ओलांडता, आपल्या हद्दीतून, अलगद वर काढल्या. कणभर रांगोळी विस्कटली नाही. आमच्याजवळ येऊन त्यानं डोकं बाहेर काढलं.

"मामा, हितं कुणाचं लगीन हाय का?"

"व्हय," आमचे हे म्हणाले. "जुनंच हाय."